हातांनी धरलेले तोरण

ज्ञानाची लक्षणे सांगताना आपल्या प्राचीनांनी अमानित्वाला अग्रस्थान दिले आहे. मोठेपणाची अपेक्षा न धरणे आणि मिळालेल्या मोठेपणाला चिकटून न राहणे, हा त्याचा सरळ अर्थ. या गुणाचे दाखले द्यायचे म्हटले की आपले लक्ष राज्य सोडणाऱ्यांकडे किंवा संन्यास घेणाऱ्यांकडे जाते. परंतु ज्याच्या घरी मान पिढ्यान्‌पिढ्या पाणी भरीत आला, त्याने तो एखादे वेळी दूर सारला तर त्याचे पोट रिकामे राहत नाही. ज्याला आयुष्यात एकच मान मिळाला, तोही चाळिशीच्या उंबरठ्यावर आणि परक्या मुलखात, त्याने तो सोडणे ही गोष्ट निराळी आहे. जबलपूरच्या कांचघर वस्तीत राहणाऱ्या अंबादास सुताराने असा एक मान सोडला. त्याची वाच्यता त्याने स्वतः कधी केली नाही.

अंबादासाचे मूळ गाव आर्वीकडचे, वर्धा नदीच्या काठचे. बाप गावचा सुतार. नांगर, वखर, तिफण आणि बैलांच्या मानेवरचे जू ही सारी त्याच्याच हातची. शिवारात ज्या म्हणून बैलजोड्या राबत, त्यांच्या खांद्यांची मापे सुताराला तोंडपाठ असत. पण सुताराला शेत नव्हते, म्हणून त्याच्या दावणीला बैल नव्हता. पोळ्याच्या दिवशी गावच्या वेशीत आंब्याच्या पानांचे तोरण बांधले जाई. सजवलेल्या जोड्या त्याखाली रांगेने उभ्या राहत, एकमेकांना टोमणे मारणाऱ्या झडत्या म्हटल्या जात, आणि पाटलाची मानाची जोडी तोरणाखालून पुढे गेली की पोळा फुटला असे म्हणत. मग बाकीच्या जोड्या निघत. तोरण बांधायला शिडी लागे ती मात्र सुताराची. अंबादासाने बालपणी प्रत्येक पोळा त्या शिडीचे पाय धरून पाहिला.

एकोणीसशे सात साली तो जबलपूरला आला. तोफांच्या गाड्या बनवणारा सरकारी कारखाना उभा राहून दोन-तीन वर्षे झाली होती, आणि तिथे चाके बनवणाऱ्या हातांची गरज होती. चाकाचा तुंबा, त्यात बसणारे आरे, वरचे पुठ्ठे आणि तापवून चढवलेली लोखंडी धाव यांत अंबादासाचा हात चांगला होता. लवकरच त्याला सारे मिस्त्री म्हणू लागले. कांचघरात, काचेच्या भट्ट्यांच्या पलीकडे, त्याने दोन खोल्या घेतल्या. आसपास वर्धा, अमरावती, भंडारा या भागांतून आलेली कुटुंबे होती. कुणी कारखान्यात, कुणी भट्टीवर, कुणी रेल्वेत. एके काळी त्यांतल्या बहुतेकांच्या घरी बैल होते. इथे आल्यावर श्रावणी अमावास्या आली तरी पुरणपोळी करायची आणि कामावर जायचे, एवढाच पोळा उरला होता.

सोळा साली अंबादासाने आपल्या पाच वर्षांच्या लेकीसाठी, जयासाठी, सागाच्या लाकडाची एक बैलजोडी कोरली. पायांखाली चाके लावली आणि दोरी बांधून तिच्या हाती दिली. शेजाऱ्यांच्या पोरांनी ती पाहिली आणि मिस्त्रीच्या दारात रांग लागली. त्या पोळ्याला नऊ लाकडी जोड्या झाल्या. भट्टीमागच्या मोकळ्या पटांगणात तोरण बांधले. आता पुढे कोणी व्हायचे, हा प्रश्न निघाला तेव्हा इथे पाटील कोणीच नव्हता. लोक म्हणाले, "मिस्त्री, बैल तुमच्या हातचे. तुमीच व्हा पुढं."

जयाचा एक हात धरून आणि दुसऱ्या हातात दोरी घेऊन अंबादास तोरणाखालून गेला. घरी आल्यावर पागोटे न उतरवताच तो बराच वेळ ओट्यावर बसून होता. त्याची बायको सत्यभामा दोनदा येऊन पाहून गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "अवो, पोळा फुटला. आता जेवाले तं चला!"

पुढची दहा वर्षे हा मान अंबादासाकडे राहिला. वर्षभर तो कारखान्यात मान खाली घालून आरे ठोकी. श्रावण लागला की त्याची चाल बदले, हे सत्यभामेच्या ध्यानात आले होते.

या दहा वर्षांत जबलपूर फुगत गेले. रेल्वेने माणसे येतच होती. कांचघरात चाळींच्या मागे चाळी उठल्या. बंगाली बाबू आले, पंजाबी फिटर आले, बुंदेलखंडातले गाडीवान आले. त्या गाडीवानांपैकी अगदी सुरुवातीला आलेला नथ्थू पटांगणाच्या कडेलाच राही. त्याच्याकडे दोन बैल होते, एक पांढरा आणि एक कबरा. लाकूड, रेती, कोळसा, जे मिळेल ते तो वाहून नेई. सबंध वस्तीत जिवंत बैलांची जोडी म्हणजे तेवढीच.

इकडे पोळ्याचा लौकिक जुन्या शहरापर्यंत गेला. आज जिथे कमानिया गेट उभे आहे, त्या भागात मराठी घराण्यांची जुनी वस्ती होती. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात त्यांचे पूर्वज शिबंदीबरोबर किंवा दप्तराबरोबर आले आणि इथलेच झाले. अच्युतराव दप्तरदार त्यांपैकी एक. शाळेतून नुकतेच सेवानिवृत्त झालेले, उंच, अंगावर सदैव काठाचे उपरणे. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. नातवंडांना मराठी समजे, पण उत्तर हिंदीत येई. त्या मुलांनी पोळा पाहावा म्हणून ते पंचवीस साली कांचघरात आले आणि भारावून गेले. सव्वीस साली त्यांनी जुन्या शहरातली वीस मुले आणायचे ठरवले. अंबादासाने त्यांच्यासाठी वीस जोड्या कोरल्या. सगळ्या मिळून साठ जोड्या झाल्या. नऊ जोड्यांसाठी रोवलेले बाभळीचे खांब आता थिटे पडणार होते. मोठे तोरण, मोठे खांब हवे होते.

आणि मानाचा प्रश्नही मोठा झाला. पोळ्याला चार दिवस असताना अंबादासाच्या ओट्यावर बैठक बसली. अच्युतराव म्हणाले, "मिस्त्री, तुमचं कर्तृत्व मी नाकारीत नाही. पण या शहरात पोळा काही पहिल्यांदा होत नाही. शिबंदी होती तेव्हा छावणीत पोळा भरे, आणि पहिली जोडी आमच्या घराची असे. आमच्याकडे कागद आहे."

समोर रामराव बसला होता. तो मोर्शीकडचा, सहा वर्षांपूर्वी काचेच्या भट्टीवर लागलेला. घराणे पाटलाचे, भावांच्या वाटण्यांत शेत तुकडे तुकडे झाले आणि तो इकडे आला. तो उसळून म्हणाला, "कागद कायले पायजे जी? माह्या बापाची जोडी पोळ्यात पुढं चालत होती, हे पाहनारे आठ जन या चाळीत हायेत. पाटील म्या हाव. आजवर बोललो नाई, कारन पोट्टे-पाट्ट्यांचा खेळ होता. आता साठ जोड्या म्हन्जे पोळाच झाला!"

"भट्टीवर पाटीलकी चालत नाही, रामराव."

"अन् दप्तरात बैल चालते का, गुरुजी?"

लोक हसले. अच्युतरावही क्षणभर हसले, पण मागे हटले नाहीत. बैठक उठताना रामराव म्हणाला की मान मिळाला नाही तर वऱ्हाडची माणसे भट्टीच्या अलीकडे आपले तोरण बांधतील. अच्युतराव म्हणाले की मग आम्हीही मुलांना इथवर कशाला आणावे, शहरात जागा आहे. दोघांनीही अंबादासाकडे पाहिले. त्याच्या हातात अर्धवट तासलेला बैल होता आणि तो त्याची मान तासत होता.

सगळे गेल्यावर सत्यभामा म्हणाली, "देऊन टाका ना एकाले. काय अडलं तुमचं?"

"काहून देऊ?" अंबादास म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण तासणी थांबली होती. "पाटलाले गावात मान हाय. गुरुजीले शहरात मान हाय. मले वर्षातून घडीभर भेटते. तेवढंही देऊ?"

तोरण एकच राहावे असे त्याला मनापासून वाटत होते, आणि पुढे आपणच असावे असेही वाटत होते. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा साधायच्या, हे त्याला ठाऊक नव्हते. यंदा आपण हटायचे नाही, एवढे त्याने ठरवले.

विदर्भात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जुवाने दबलेल्या त्या मानेवर लोणी आणि हळद चोळतात, आणि उद्या जेवायला या म्हणून बैलांना आवतण देतात. दुसऱ्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवणे हे तिकडे घोर पाप समजतात. इतकेच काय, त्या दिवशी कासराही ओढून धरीत नाहीत. कांचघरात हा विधी लाकडी बैलांवर होई. त्या संध्याकाळीही मुले अंबादासाच्या दारात जमली. सत्यभामेने वाटीत लोणी-हळद कालवली, आणि साठ लाकडी जोड्यांच्या खांद्यांना तिचे बोट लागले.

त्याच वेळी नथ्थू आला. अधारतालकडच्या वखारीतून साल वृक्षाच्या लाकडाचे दोन उंच खांब आणायचे काम अंबादासाने त्याला दिले होते. तो म्हणाला, "मिस्त्री भैया, नाले में पानी चढ़ा है, गाड़ी नहीं निकली। कल ले आऊँ?"

अंबादासाचे लक्ष हातातल्या बैलाच्या शिंगाकडे होते. रंग ओला होता. "चलो, कल सही," तो म्हणाला. "पर दिन बुडायच्या आत आनजो, बावा. तोरण त्याच्यावरच बांधायचं हाय."

नथ्थूने मान हलवली आणि तो गेला. तिथे जमलेल्या चाळीस-पन्नास माणसांपैकी एकालाही त्यात काही वावगे वाटले नाही. बैल म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे आता चाके लावलेले, रंगवलेले बैल येत होते.

दुसऱ्या दिवशी कारखाना सुटल्यावर पटांगण भरले. जुन्या शहरातून टांगे आले. साठ जोड्या रांगेत लागल्या. तोरण गुंफून तयार होते. खांब तेवढे यायचे होते. लोक ताटकळले, आणि ताटकळलेल्या लोकांनी झडत्यांना सुरुवात केली. अच्युतरावांच्या बाजूने कुणीतरी आवाज टाकला:

"वाडा राहिला मोर्शीले, पाटील आला भट्टीवर,
बैल याचा लाकडाचा, नजर मानाच्या काठीवर!"

"हर बोला, हर हर महादेव!" असा गजर झाला. रामराव पुढे सरसावला. त्याचा गळा खणखणीत होता:

"सनद ठेवली दप्तरात, वाळवी लागली कागदाले,
बैल पाह्यला चित्रात, अन् मान पायजे दादाले!"

पुन्हा गजर झाला, पण हसणे पहिल्यापेक्षा कमी होते. अच्युतरावांनी आपल्या मुलांना बाजूला घ्यायला सांगितले. रामरावाच्या माणसांनी रांगेतून आपल्या जोड्या ओढल्या. रांगेच्या अग्रभागी अंबादास आपली जुनी जोडी घेऊन उभा होता, ती सोळा सालची, रंग उडालेली. तो जागचा हलला नाही. कोणालाही वाट द्यायची नाही, असेच त्याच्या उभे राहण्यातून दिसत होते.

तेवढ्यात गाडी आली. चिखलातून खांब ओढीत आणलेले बैल धापा टाकीत होते. नथ्थूने गाडी नेमकी त्या दोन बाजूंच्या मधल्या मोकळ्या जागेत आणून उभी केली आणि म्हणाला, "लो भैया, दिन डूबने से पहले।"

सत्यभामा पूजेचे ताट घेऊन पुढे होती. ती गाडीजवळ गेली आणि थबकली. "अवो," ती म्हणाली, "जू!"

पांढऱ्या बैलाच्या मानेवर जुवाखाली जखम होती, तळहाताएवढी. माशा बसत होत्या.

"आजच्या दिशी जू? कोनं जोतायले सांगतलं याले?" सत्यभामेने विचारले.

नथ्थू गोंधळला. "मिस्त्री भैया ने ही तो कहा था। क्यों, कुछ गलती हो गई?"

सारे अंबादासाकडे वळले. रामराव सावकाश म्हणाला, "वा, मिस्त्री! लाकडाच्या बैलाले लोनी, अन् जित्या बैलाले जू."

या बोलण्यात भांडण नव्हते. त्याच्या घशातला खणखणाटही गेला होता. आदल्या संध्याकाळी तोही लोणी-हळद लावायला तिथेच होता, हे त्याला आठवले असावे.

अंबादासाने सबब सांगितली नाही. विसरलो, असेही म्हटले नाही. हातातली दोरी त्याने जमिनीवर ठेवली, गाडीकडे गेला आणि जुवाच्या खुंट्या, म्हणजे शिवळा, काढून जू उतरवले. ते हातात घेताच त्याच्या बोटांना कळले की ते एका अंगाने अधिक जाड आहे आणि पांढऱ्या बैलाला वर्षानुवर्षे चावत आले आहे. हे जू रोज त्याच्या दारावरून गेले होते. ज्या माणसाला शिवारातल्या साऱ्या खांद्यांची मापे पाठ होती, त्याने ते कधी वळून पाहिले नव्हते.

"वाटी आन," तो सत्यभामेला म्हणाला.

तिने घरातून उरलेली लोणी-हळद आणली. जखम आणि तिची कड सोडून अंबादासाने दोन्ही बैलांचे खांदे चोळले. मग त्यांच्यापुढे वाकून म्हणाला, "कालचं आवतन आज देऊन राहिलो, बापा. चुकलो. जेवाले या."

नथ्थू पाहत होता. "ये क्या कर रहे हो, भैया?"

"पोळा हाय आज. बैलायचा सन."

"दस साल से देख रहे हैं तुम्हारा मेला," नथ्थू म्हणाला. "हम तो समझे लकड़ी के बैलन का ही है। हमारे यहाँ तो दिवाली के दूसरे दिन पुजते हैं।"

कोणीतरी हसले, आणि ते हसणे मध्येच विरले. दहा वर्षांत त्या माणसाला एकदाही बोलावले गेले नव्हते. कोणाच्या मनात आकस नव्हता; कोणाच्या मनात तो विचारच आला नव्हता.

अंबादास वळून लोकांना म्हणाला, "मानाची जोडी आली. पोळा फोडा."

यावर ना कागद दाखवता येत होता, ना बापाचे नाव सांगता येत होते. अच्युतरावांनी खांद्यावरचे उपरणे काढले आणि पांढऱ्या बैलाच्या पाठीवर झुलीसारखे पसरले. उपरण्याला चिखल लागला. कबरा बैल गर्दीला बुजून मान झटकत होता. रामरावाने पुढे होऊन त्याच्या वशिंडावर हात ठेवला, तोंडाने एक हलका आवाज काढला आणि बैल स्थिर झाला. सहा वर्षांत त्याने कासरा हाती घेतला नव्हता. "चल, राजा, चल," तो म्हणत राहिला, आणि त्याने दुसऱ्या हाताने डोळे पुसले ते बऱ्याच जणांनी पाहिले.

राहता राहिले तोरण. खांब गाडीवरच होते. ते रोवायचे म्हणजे अंधार पडला असता. अंबादासाने तोरणाचे एक टोक उचलले आणि गाडीच्या साटीवर, माल ठेवायच्या फळ्यांवर, चढला. दुसरे टोक धरायला उंच माणूस हवा होता.

"गुरुजी, तुमी या," तो म्हणाला.

"मी?" अच्युतराव म्हणाले. "चलो, या वयात हेही करू." ते समोरच्या कट्ट्यावर उभे राहिले आणि त्यांनी हात वर केले.

नथ्थूची जोडी तोरणाखालून गेली, आणि पोळा फुटला. त्यामागे साठ लाकडी जोड्या गेल्या, वऱ्हाडच्या आणि जुन्या शहरातल्या मिसळून, कारण रांग मोडली होती आणि पुन्हा लावायला कोणी थांबले नाही. एवढ्या मुलांना जायला बराच वेळ लागला. अच्युतरावांनी दोनदा हात बदलला. अंबादासाने बदलला नाही. त्या वर्षी तो तोरणाखालून गेलाच नाही. त्याची जुनी जोडी जयाने ओढली.

अंबादासाला त्याचे वाईट वाटले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. त्या रात्री पुरणपोळीचा पहिला घास नथ्थूच्या बैलांना देऊन आल्यावर तो ओट्यावर बसला, तेव्हा सत्यभामा त्याच्या शेजारी येऊन बसली. "लय दुखलं का?" तिने विचारले.

"हात दुखून राहिले," तो म्हणाला.

पुढच्या पंधरवड्यात त्याने नथ्थूच्या बैलांच्या खांद्यांची मापे घेतली आणि शिवणीच्या लाकडाचे हलके जू घडवून दिले. सालाचे दोन खांब नथ्थूच्या गोठ्याला लागले. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी नथ्थूने बैलांना मोरपिसे आणि कवड्यांच्या माळा बांधल्या, तेव्हा पूजेला अंबादास होता, रामराव होता आणि जुन्या शहरातून टांग्याने आलेले अच्युतरावही होते. पुढच्या पोळ्याला कोणी नवे खांब आणायचा विषय काढला, तेव्हा अंबादास म्हणाला, "राहू द्या. धरू आमी." एक टोक तो धरी, दुसऱ्या टोकाला दर वर्षी नवा माणूस असे. एका वर्षी ते एका बंगाली बाबूने धरले, आणि दर दहा जोड्यांमागे 'आर कतो?', म्हणजे 'अजून किती?', असे विचारून सगळ्यांना हसवले. मान कोणाचा, हा प्रश्न पुन्हा बैठकीत आला नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वाटी घेऊन नथ्थूच्या गोठ्यात जाणे आणि बैलांना आवतण देणे, एवढे एक काम मात्र अंबादासाने अखेरपर्यंत दुसऱ्या कोणाला करू दिले नाही. तोरणाखालून तो नंतर कधीच गेला नाही.

चव्वेचाळीस साली, लढाईच्या धामधुमीत, कारखान्यात तीन पाळ्या चालू असताना, हिवतापाने तो गेला. वय सहासष्टच्या आसपास होते. त्याआधी दोनच वर्षे अच्युतराव गेले होते. खांदा द्यायला रामराव होता आणि नथ्थूही होता. सत्यभामा लेकीकडे राहायला गेली.

त्याच्या हातच्या लाकडी जोड्यांपैकी अकरा आज कांचघरात आहेत. सोळा सालची जयाकडे आहे. शिवणीचे जू नथ्थूचा मुलगा वापरतो. कांचघरात पोळ्याला अजून खांब रोवत नाहीत; तोरण दोन माणसे हातांनी धरतात.